सामाईक मेमरी आणि भावोजींची घंटा

कुंभवलीच्या कारखान्यातून फोन आला तेव्हा मी नुकताच डबा उघडला होता. पलीकडे तिथला शिफ्ट इनचार्ज ओरडत होता, "मॅडम, आपका कंप्यूटर आठ सौ बाईस डिग्री दिखा रहा है! सब लोग बाहर खड़े हैं!"

तिथल्या रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे एका मोठ्या बंद भांड्यात, रंगाचा कच्चा माल शिजायचा आणि तो साठ-पासष्ट अंशांच्या वर जाऊ द्यायचा नव्हता. आठशे बावीस अंशांना रिअ‍ॅक्टरचं लोखंड लाल दिसलं असतं आणि हा माणूस फोनवर बोलायला उरला नसता. मी त्याला तसं सांगितलं. मग विचारलं, "घंटी बजी क्या?"

"नहीं बजी. मतलब घंटी भी खराब है."

घंटा वाजली नाही म्हणजे पडदा चुकला असेल, असं त्याच्या मनातही आलं नाही. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी सांगितलं की आपण आधीच रिअ‍ॅक्टरला थंड पाणी सोडून मोकळे झालो आहोत. आतला माल गोठून दगड झाला. पुढे कितीतरी दिवस कामगार आळीपाळीने आत उतरून तो छिन्नीने फोडत होते. बोईसरला उतरलं की कोणीतरी ओळखीचं भेटायचं आणि विचारायचं, "ते आठशे डिग्रीवालं यंत्र तुमचंच ना?"

यंत्र आमचंच होतं. आमचं म्हणजे माझ्या भावोजींचं. ताईचा नवरा. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या एका शेडमध्ये त्यांचा व्यवसाय होता. आधी ते कारखान्यांची विजेची पॅनल दुरुस्त करायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका प्रदर्शनात त्यांनी कुठलंतरी परदेशी यंत्र पाहिलं आणि कारखान्यांतलं तापमान, दाब वगैरे सांभाळणारा आपला स्वतःचा छोटा संगणक बनवायचं त्यांच्या डोक्यात बसलं. मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन आमच्या किनाऱ्याकडच्या गावी परत आले होते. वाडीतल्या केळी आणि पानवेली यांत मला काडीचा रस नव्हता. ताई म्हणाली, "ह्यांना हाताशी माणूस हवंय, आणि तुला घराबाहेर पडायला कारण हवंय." असं माझं बोईसरला रोज एसटीने जाणं सुरू झालं.

भावोजींना सगळं सुटं-सुटं हवं होतं. ते म्हणायचे, "एका कारखान्याला प्रिंटर लागतो, दुसऱ्याला नको असतो. एकाला दोन पडदे लागतात. दर वेळी नवा प्रोग्रॅम कोण लिहिणार? भाग करा. जोडा आणि चालवा." कल्पना चांगली होती, हे मी आजही मान्य करते. त्यासाठी आम्ही आमची स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टम लिहिली. मध्ये एक गाभा आणि त्याला जोडलेले स्वतंत्र भाग. एक भाग तापमान मोजणार, एक पडद्यावर दाखवणार, एक छापणार, एक घंटा वाजवणार. एखादा भाग बंद पडला तर गाभा फक्त तेवढाच पुन्हा सुरू करणार, बाकीचं यंत्र चालू राहणार. माहितीपत्रकावर हे भावोजींनी ठळक अक्षरांत छापलं होतं.

घंटेचा भाग भावोजींनी स्वतः लिहिला. प्रोग्रॅमिंग ते पुस्तकातून शिकले होते आणि हे त्यांचं पहिलं अपत्य होतं, त्यामुळे त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. पडदा आणि छपाई हे दोन भाग लिहिणारा मुलगा मुंबईहून आलेला माझ्याच वयाचा इंजिनिअर होता. सालवडला खोली घेऊन राहायचा. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. भावोजी आम्हाला कामावरून हाका मारायचे. तो "डिस्प्ले". मी "मेमरी".

मोजणीच्या भागाबरोबरच मेमरीही माझ्याकडे आली, कारण ती दुसऱ्या कोणालाच नको होती. पडदा लिहिला की पडदा दिसतो, घंटा लिहिली की घंटा ऐकू येते. मेमरी सांभाळणाऱ्याचं काम नीट झालं तर काहीच दिसत नाही. मोजणीचा भाग तापमान मोजून मेमरीच्या एका तुकड्यात लिहून ठेवतो. तोच तुकडा पडदा वाचतो, छपाई वाचते, घंटा वाचते. तुकडा सगळ्यांचा सामाईक. तो कोणाला द्यायचा, काम झालं की कधी परत घ्यायचा, परत आलेला दुसऱ्या कामासाठी कधी वापरायचा, हे ठरवणारी मी. यंत्रात मेमरी बेताचीच होती, त्यामुळे परत आलेला तुकडा लगेच दुसऱ्याला द्यावाच लागायचा.

आठशे बावीसच्या फोननंतर भावोजींनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"माझा भाग तपासून बघा," डिस्प्ले म्हणाला. "एकटा चालवला तर आठ-आठ तास एक आकडा चुकत नाही."

"माझाही," मी म्हणाले.

"माझी घंटा तर बरोबरच होती," भावोजी म्हणाले. "वाजली नाही ती नाहीच."

तिघांचंही खरं होतं. राग येण्यासारखी गोष्ट तीच होती. प्रत्येक भाग एकटा चालवला की सोन्यासारखा चालायचा. सगळे एकत्र चालवून बघायची मी कितीदा मागणी केली होती! पण त्याला प्रिंटर लागायचा, आणि शेडमधला एकुलता एक प्रिंटर कायम हिशेबनीसांच्या टेबलावर. बिलं छापायची असायची. "प्रिंटरचं काय विशेष, कागदावर अक्षरं उमटवतो," असं म्हणून भावोजी विषय संपवायचे. म्हणजे छपाईचा भाग इतर भागांबरोबर पहिल्यांदा चालला तो थेट कुंभवलीला, गरम रिअ‍ॅक्टरच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी डिस्प्लेच्या स्कूटरवरून आम्ही दोघं कुंभवलीला गेलो. तिथला ऑपरेटर गावातलाच होता, चाळिशीचा, आमच्यावर आधीच वैतागलेला. म्हणाला, "बाई, काल तुमच्या आकड्यानं आमी सगले उन्हात उबे. आता काय नवीन आणलाव?"

"काही नाही. नुसतं बघायचंय."

"बगा. आमी पन तेच करतो हाव."

रिअ‍ॅक्टर रिकामा होता, तरी आम्ही यंत्र चालू केलं. एक बॅच संपल्याचं बटण दाबलं, दुसरी सुरू केली. पडद्यावर २९.५ होतं ते फडफडून ८२२.४ झालं. शेजारी प्रिंटर नव्या बॅचचा मथळा छापत होता. मी प्रिंटरकडे बघत होते म्हणूनच मला ते दिसलं. मथळ्याखाली आडव्या रेघांची ओळ छापायला सुरुवात झाली, आणि पडद्यावरचा आकडा बदलून ११५६.५ झाला. ओळ संपली, पुढची रिकामी ओळ आली, परत ८२२.४.

"छपाई बंद करा," मी म्हणाले. आकडा जिथल्या तिथे थांबला.

मी तिथल्याच एका पिंपावर कागद ठेवून गुणाकार केला. संगणकात कोरी जागासुद्धा एक आकडा असते. दोन कोऱ्या जागा शेजारी-शेजारी ठेवून त्यांना एकच संख्या म्हणून वाचलं तर आठ हजार दोनशे चोवीस येतात. आमचा पडदा शेवटच्या आकड्याआधी टिंब द्यायचा. झाले ८२२.४. दोन आडव्या रेघांचे तसेच ११५६.५. पडदा रिअ‍ॅक्टरचं तापमान दाखवतच नव्हता. तो प्रिंटरसाठी ठेवलेली अक्षरं तापमान समजून वाचत होता.

बॅच संपली की मोजणीचा भाग जुना तुकडा परत करायचा आणि नव्या बॅचसाठी नवा मागायचा. जुना तुकडा मी छपाईला द्यायचे. घंटा दर वेळी नव्याने विचारायची, आता तापमान कुठे आहे? डिस्प्लेने एकदाच विचारून तो पत्ता कायमचा स्वतःकडे लिहून ठेवला होता.

"दर वेळी विचारायचं म्हणजे वेळ जातो," तो म्हणाला. "आणि तुकडा परत घेतला हे तुम्ही मला सांगितलंत का?"

"तुम्ही अजून वाचताय हे तुम्ही मला सांगितलंत का?"

ऑपरेटर आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी म्हणाला, "तुमी दोगं रोज येतां एका जागी, मंग बोलत नाय का एकमेकाशी?"

परतीच्या वाटेवर आम्ही खरंच एक शब्द बोललो नाही.

मी नवी पद्धत लिहायला घेतली. कोणालाही मेमरीचा पत्ता हातात द्यायचा नाही, फक्त एक क्रमांक द्यायचा. तुकडा हवा असेल तेव्हा क्रमांक दाखवून मागायचा, काम झालं की परत केल्याचं सांगायचं. किती भागांनी तो धरून ठेवलाय हे मी मोजत राहणार, आणि शेवटचा सोडेपर्यंत तुकडा दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. हे झाल्यावर मला आणखी दोन गोष्टी करायच्या होत्या. धरून ठेवलेला भाग मध्येच बंद पडला तर त्याच्या नावावरचं सगळं आपोआप सोडवून घ्यायचं. आणि ज्याचं काम फक्त वाचायचं आहे त्याला त्या तुकड्यात लिहिता येणार नाही अशी व्यवस्था करायची. आमच्या चिपमध्ये तशी सोय होती. कोणी लिहायला गेलं की चिपच त्याला जागच्या जागी थांबवते.

भावोजींनी क्रमांकाच्या पद्धतीला मान डोलावली. उरलेल्या दोन ऐकून घड्याळाकडे बघितलं. "हे नंतर. कारखानदार रोज फोन करतोय. आधी आठशे बावीस घालव."

आठशे बावीस गेलं. मग यंत्र दर दोन-चार दिवसांनी गप्प बसायला लागलं.

बोईसरला तेव्हा वीज जायची ती जायचीच, पण असली तरी तिचा दाब वरखाली व्हायचा. दाब पडला की पडद्याचा भाग गचकायचा. गाभा त्याला पुन्हा उभा करायचा, माहितीपत्रकात छापल्याप्रमाणे. पुन्हा उभा राहिलेला पडदा नवा क्रमांक घेऊन तुकडा धरायचा. आधीच्या, मेलेल्या पडद्याने धरलेला तुकडा तसाच अडकून राहायचा. मेलेला भाग येऊन "झालं माझं काम" असं थोडंच सांगणार होता! असे मेलेले पडदे साठत गेले की मोजणीच्या भागाला नवा तुकडा उरायचा नाही. सगळं यंत्र ठप्प. ऑपरेटर मागची कळ बंद करून पुन्हा चालू करायचा आणि आम्हाला फोन. आता त्याने फोनवर स्वतःचं नाव सांगणंही सोडलं होतं. "बसला," एवढंच म्हणायचा.

असे काही महिने गेल्यावर मी भावोजींकडे गेले. ते म्हणाले, "रोज सकाळी एकदा बंद-चालू करायला सांग ना त्यांना."

"भावोजी, हे काय औषध आहे का सकाळ-संध्याकाळ घ्यायला?"

"ऑफिसात साहेब म्हण."

त्या रविवारी मी ताईकडे जेवायला होते. ताई बोंबील भाजत होती. मी तिला म्हटलं, मला हे जमणार नाही, मी वसाहतीत दुसरीकडे नोकरी बघते. तिने तव्यावरची नजर काढली नाही. "ते म्हणतात तू हट्टी आहेस. एवढ्याशा गोष्टीला धरून बसलीस म्हणतात."

"एवढीशीच गोष्ट आहे. ती करू देत नाहीत म्हणून तर राग येतो."

"मग नुसतं तोंडाने सांगू नकोस," ताई म्हणाली. "ह्यांना सांगून काही कळत नाही, दाखवावं लागतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला विचार."

सोमवारी सकाळी मी हिशेबनीसांच्या टेबलावरचा प्रिंटर उचलला. बिल अर्धं छापून झालं होतं. ते खुर्चीतून उठून माझ्या मागे-मागे आले. "अहो मॅडम, निदान हे पान तरी—" मी प्रिंटर चाचणीच्या बाकावर नेऊन ठेवला, सगळे भाग जोडले आणि भावोजींना म्हटलं, "साहेब, आज इथेच बसा. मी काही बोलणार नाही."

ते बसले. मी दर थोड्या वेळाने पडद्याची वीज क्षणभर काढायचे आणि परत लावायचे, बोईसरची वीज करते तसं. दुपारचा चहा यायच्या आत यंत्र थिजलं. भावोजींनी दोन-तीन कळा दाबून बघितल्या. परत चालू केलं आणि म्हणाले, "पुन्हा कर." पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा वीज काढायचं काम त्यांनी स्वतःच्या हाताने केलं, जणू माझ्याच हातात काही खोट होती. यंत्र तेव्हाही थिजलं.

"रोज होतं हे?"

"दर दोन-चार दिवसांनी."

त्यांनी चहा संपवला. मग शेडमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिचं काम होईपर्यंत हिला कोणी हाक मारायची नाही. आणि तो प्रिंटर इथेच राहील."

बंद पडलेल्या भागाचे तुकडे आपोआप परत घेणं तसं लवकर जमलं. पडदा कितीदाही मेला तरी मेमरी आता अडकून राहत नव्हती. मग मी वाचणाऱ्यांना लिहायची बंदी घालणारी सोय सुरू केली. डिस्प्ले मुद्दाम माझ्या मागे येऊन उभा राहिला. पहिला पडदाच अडकणार, अशी माझी खात्री होती, आणि त्यालाही बहुधा तीच धास्ती होती. पडदा बिनतक्रार चालला. छपाई चालली. त्याने "बघा" असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी चाचणीसाठी तापमान वाढवलं, घंटा वाजली, मी ती बंद करायचं लाल बटण दाबलं आणि घंटेचा भाग मेला.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. बटण दाबलं की घंटेचा भाग जागच्या जागी थांबायचा. चिप म्हणत होती, हा भाग तापमानाच्या तुकड्यात लिहायला जातोय. घंटेला तिथे काय लिहायचं असेल?

मी भावोजींचा प्रोग्रॅम उघडला. शेडमध्ये येऊन इतकी वर्षं झाली, पण तो मी पहिल्यांदाच वाचत होते. घंटा कशी बंद करायची हा प्रश्न त्यांनी फार सरळ सोडवला होता. तापमान मर्यादेच्या वर गेलं की घंटा वाजते. मग बटण दाबल्यावर तापमानच मर्यादेच्या खाली आणून ठेवायचं. सामाईक तुकड्यात जाऊन, मर्यादा पासष्ट असेल तर चौसष्ट लिहायचं. की घंटा गप्प.

डिस्प्लेने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि तो आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "मॅडम, मी ह्यात नाही. तुम्ही सांगा त्यांना."

मी सांगितलं. भावोजी लाल झाले, पण ओरडले नाहीत. "अगं, ते क्षणापुरतं आहे. पुढच्या सेकंदाला मोजणीचा भाग खरा आकडा लिहितोच की. बटणावरून बोट काढलं की संपलं."

"बोट काढलं नाही तर?"

"बटणावर बोट ठेवून कोण उभा राहणार दिवसभर?"

हे मला पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही. घंटेचा भाग तात्पुरता मी दुरुस्त केला आणि नवी आवृत्ती बसवायला मी आणि भावोजी त्यांच्या गाडीतून कुंभवलीला निघालो. डिस्प्लेला अचानक पोटात दुखायला लागलं होतं.

रिअ‍ॅक्टर चालू होता. पडद्यावर ६४.० होते. भावोजी खूश झाले. "बघ, कसा एका जागी स्थिर आहे." त्या कारखान्याचे छापील आलेख ते नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला बॅगेत घेऊन फिरायचे, कारण त्यांतली रेघ कधीच पासष्टच्या वर गेलेली नसायची. मी लाल बटणाकडे बघत होते. बटण आणि त्याच्याभोवतीची कडी यांच्यामध्ये पुठ्ठ्याची घडी घट्ट दाबून बसवली होती. बटण सदा आत.

"हे काय?" मी ऑपरेटरला विचारलं.

"घंटा सारकी वाजते, बाई. डोका फुटते. आमी तिनीच शिफ्टवाले पुठ्ठा लावतो. पडद्यावर तर आकडा बरोबर हाय ना, मंग घंटेचा काय काम?"

भावोजी पुढे झाले आणि त्यांनी पुठ्ठा ओढून काढला.

घंटा लगेच वाजायला लागली. पडद्यावरचे चौसष्ट उडी मारून चौऱ्याहत्तर झाले आणि तिथून वर सरकायला लागले. ऑपरेटर एक क्षण आकड्याकडे बघत राहिला, मग शिवी हासडून वाफेच्या व्हॉल्व्हकडे धावला आणि दोन्ही हातांनी चाक फिरवायला लागला. भावोजी तिथेच उभे. घंटेच्या आवाजात त्यांचे ओठ हलताना दिसले, काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. आकडा सत्त्याहत्तरच्या आसपास थबकला आणि मग सावकाश उतरायला लागला. बटणाला कोणी हात लावला नाही. पासष्टच्या खाली आल्यावर घंटा आपली आपण थांबली.

"आठशे होतं तवा काय नव्हता," ऑपरेटर धापा टाकत म्हणाला. "आनी चौसष्ट होतं तवा हे. तुमच्या पडद्याचा काय खरा धरायचा आमी?"

भावोजींनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "नवं सॉफ्टवेअर टाक. सुधारणा केलीय म्हणून सांगू."

इथे माझा तोल गेला. "सुधारणा? ह्यांचे सगळे आलेख खोटे आहेत, भावोजी. किती बॅचेस ह्याने जास्त तापल्या असतील कोणास ठाऊक. तुम्ही सांगत नसाल तर मी इथल्या केमिस्टकडे जाते."

"हळू बोल."

"मी हळूच बोलत होते इतके दिवस."

मग भावोजी एकटेच माल तपासणाऱ्या त्या केमिस्टच्या खोलीत गेले. दार काचेचं होतं, त्यामुळे मला दिसत होतं. केमिस्ट आधी बसून ऐकत होते, मग उभे राहिले, मग त्यांनी एक फाइल टेबलावर आपटली. गेले कित्येक महिने त्यांचा माल काळपट येत होता आणि ते कच्चा माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याशी भांडत होते. भावोजी खाली बघून उभे होते. ताईच्या लग्नापासून मी त्यांना ओळखत होते, पण समोरचा बोलत असताना ते गप्प राहिलेत असं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

बाहेर आले तेव्हा म्हणाले, "यंत्र उचलायला सांगितलंय. नीट झालं की घेऊन या म्हणाले. म्हणजे अगदीच तोडलं नाही." गाडीत बसल्यावर त्यांनी बॅगेतले ते स्थिर रेघांचे आलेख काढून माझ्या मांडीवर ठेवले. "फाड हे."

पुढच्या आठवड्यात आम्ही आमचं यंत्र बसवलेल्या प्रत्येक कारखान्यात गेलो. आणखी दोन ठिकाणी बटणात काहीतरी खुपसलेलं सापडलं. एका ठिकाणी काडेपेटी, एका ठिकाणी रबरी बूच. एकाने यंत्र परत केलं ते कायमचंच. कुंभवलीवाल्यांनी पुन्हा बसवून घेतलं, पण ऑपरेटरने शेजारी पाऱ्याचा थर्मामीटर लावून घेतला तो काढला नाही, आणि मीही त्याला काढायला सांगितलं नाही. डिस्प्ले पुढे पुण्याला गेला. जाण्याआधी त्याने छपाईचा भाग क्रमांकाच्या पद्धतीने स्वतःहून नव्याने लिहून दिला. माझ्या टेबलावर ठेवताना म्हणाला, "पत्ता कुठेही साठवलेला नाही. शोधून बघा." मी शोधून बघितलं. खरंच नव्हता.

भावोजींनी मात्र घंटेचा भाग मला लिहू दिला नाही. मी केलेली तात्पुरती दुरुस्ती त्यांनी काढून टाकली. "माझा आहे, मीच लिहीन," म्हणाले, आणि माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसले. चष्मा नाकावर, एका बोटाने टंकन. आठवडाभर मी दुसरं काही करू शकले नाही. ते लिहायचे, चालवायचे, आणि भाग थांबायचा.

"आता काय झालं?"

"तुकडा घेतलात, परत केला नाहीत."

थोड्या वेळाने, "आता?"

"परत केल्यावर वाचताय."

"अगं, कालच तर घेतला होता तो!"

"भावोजी, कालचा आज चालत नाही. दर वेळी मागायचा."

"ऑफिसात साहेब म्हण," असं ते सवयीने म्हणायचे आणि पुन्हा पडद्याकडे वळायचे. एकदा वैतागून त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला आणि मला म्हणाले, "ही तुझी पद्धत माणसाला जगू देत नाही." मी म्हटलं, "माहीत आहे." हिशेबनीस तिकडून हसले.

शेवटी एका दुपारी त्यांचा भाग चालला. मी तापमान चढवलं, घंटा वाजली, त्यांनी बटण दाबलं, घंटा थांबली आणि पडद्यावरचा आकडा जिथे होता तिथेच राहिला, मर्यादेच्या वर. त्यांनी बटण दाबून धरलं. आकडा तसाच. बटण धरून ते चांगले दोन-तीन मिनिटं उभे राहिले. मग थोड्या वेळाने घंटा आपणहून परत वाजली, कारण तापमान उतरलंच नव्हतं. हे त्यांनी स्वतः नव्याने घातलं होतं, मला न विचारता. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, चप्पल शोधली आणि घरी जेवायला निघून गेले. घंटा वाजतच होती. बंद करायला मलाच उठावं लागलं.